चालत्या छपाईत शाईची बदली

हस्तलिखित पोथीचे पान उजेडासमोर थोडे तिरपे धरून पाहिले, तर लेखकाचा हात कोठे थांबला होता हे पुष्कळदा कळून येते. दौतीत बुडवून काढलेल्या बोरूची पहिली काही अक्षरे गडद व भरीव असतात. पुढे रेघ हळूहळू कोरडी होत जाते आणि मग एकाएकी पुन्हा गडद अक्षर येते. तेथे बोरू पुन्हा दौतीत गेलेला असतो. पोथ्यांचे अभ्यासक या चढउतारांवरून लेखनाचा वेग व खंड यांविषयी अनुमान करतात. वाचकाला मात्र त्यांचा उपद्रव होत नाही, कारण अक्षर गडद असो वा फिकट, त्याचा अर्थ बदलत नाही.

चित्राचे तसे नसते. सायंकाळच्या आकाशाचा जांभळट निळा रंग डावीकडून उजवीकडे संथपणे उजळत जात असता मध्येच एका छटेने बदलला, तर पाहणाऱ्याची दृष्टी नेमकी तेथेच अडखळते. हाताने फलक रंगवणारे कारागीर हे पक्के जाणून असत. मद्रासच्या रस्त्यांवर चित्रपटांचे प्रचंड फलक रंगवणाऱ्या चित्रकारांचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकीय छपाईपुढे ओसरू लागला. परंतु त्या व्यवसायाचा एक साधा नियम असा, की एका पार्श्वभूमीला लागणारा सगळा रंग एकदाच कालवून ठेवावयाचा. अर्ध्यावर रंग संपला तर दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्याशी जुळेलच याची खात्री कोणी देत नसे. रंगारीही एका लुगड्याचे सूत शक्य तो एकाच भांड्यात रंगवून काढतो, ते याच कारणाने.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या जुन्याच अडचणीचे नवे रूप हा आहे. मीटरभर रुंदीच्या कागदाच्या गुंडाळीवर तासन् तास चालणाऱ्या छपाईत शाईचे एखादे पात्र, म्हणजे ज्याला सर्वत्र कार्ट्रिज म्हणतात ते, मध्येच रिकामे झाले तर काय घडते, आणि यंत्र न थांबवता ते बदलणे कसे शक्य झाले, याचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पंधरा मीटर लांबीच्या चित्राच्या अकराव्या मीटरवर यंत्र थबकलेले ज्याने पाहिले आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला ते चित्र प्रदर्शनाच्या भिंतीवर लावून द्यावयाचे आहे, तो त्याला क्षुल्लक म्हणत नाही.

गंमत अशी, की शिळामुद्रणाच्या व खिळ्यांच्या छपाईच्या काळात हा प्रश्न जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. ट्रेडल यंत्राच्या माथ्यावरील गोल तबकडीवर शाईचा गोळा कमी झाला, की मुद्रक सुरीच्या टोकावर थोडी शाई घेऊन ती तबकडीला लावी; रूळ ती आपोआप पसरवीत. ऑफसेट यंत्रात रुळांच्या माळेच्या एका टोकाला शाईची लांबट पन्हळ असते. ती उघडी असल्यामुळे यंत्र भरधाव चालू असतानाही तीत शाई घालता येते. पन्हळीतील शाई आणि कागदावर उमटणारी शाई यांच्यामध्ये अनेक रूळ असतात, आणि प्रत्येक रुळावर शाईचा थोडा थोडा साठा फिरत असतो. त्यामुळे पन्हळीत घातलेल्या नव्या शाईचा धक्का कागदापर्यंत पोचत नाही. वृत्तपत्रांच्या मोठ्या छापखान्यांनी याही पुढे जाऊन कागदाची गुंडाळी चालत्या यंत्रात बदलण्याची सोय केली. संपत आलेल्या गुंडाळीच्या वेगानेच नवी गुंडाळी फिरवावयाची, तिच्या चिकट कडेवर जुना कागद क्षणभर दाबावयाचा आणि मागचा भाग कापून टाकावयाचा. पुरवठा करणारे भांडे आणि वापर करणारे अंग यांच्यामध्ये काही साठा ठेवला म्हणजे भांडे निवांतपणे बदलता येते, ही गोष्ट मुद्रकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती.

मोठ्या आकाराची रेखाचित्रे संगणकाच्या आज्ञेवरून काढणारी यंत्रे आली तेव्हा मात्र ही शहाणीव काही काळ हरवली. कॅलकॉम्प कंपनीचे ५६५ क्रमांकाचे यंत्र १९५९ साली निघाले. त्यात गोल नळकांड्यावर कागद मागेपुढे सरके आणि त्यावर एक पेन आडवे फिरे. १९८१ साली हेवलेट-पॅकार्डचे ७५८० हे मोठे रेखनयंत्र आले. ते आपली पेने स्वतःच बदलून घेई, त्यामुळे निरनिराळ्या जाडीच्या व रंगांच्या रेघा एकाच कागदावर निघू लागल्या. पुलांचे, धरणांचे आणि इमारतींचे आराखडे अशा यंत्रांवर निघत. परंतु पेनातील शाई संपली किंवा टोकाशी वाळली, तर यंत्राला त्याचा पत्ता नसे. त्याच्या हिशेबी रेघ ओढली गेलेली असे. कागदावर मात्र काहीच उमटलेले नसे. एखाद्या तुळईची रेघ अशी गळाली, तर तो दोष कागद उचलून नीट पाहिल्याखेरीज लक्षात येत नसे. म्हणून चालक यंत्राशेजारी बसून राही, आणि यंत्र स्वयंचलित असूनही माणूस तेथून हलू शकत नसे.

यानंतर आली शाईचे थेंब फेकणारी यंत्रे. त्यांचा पूर्वेतिहास मोठा आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी समुद्रतळाच्या तारेवरून येणारे क्षीण संकेत टिपण्यासाठी १८६७ साली जे उपकरण तयार केले, त्यात बारीक काचनळीतून शाई कागदाच्या पट्टीवर पडत असे. परंतु येथे जी गोष्ट महत्त्वाची ती १९८४ ची. त्या वर्षी हेवलेट-पॅकार्डने 'थिंकजेट' हा छोटा प्रिंटर बाजारात आणला. त्यात शाईची पिशवी आणि थेंब फेकणारी छिद्रे ही दोन्ही एकाच टाकाऊ पात्रात बसवलेली होती. शाई संपली की छिद्रांसह सगळेच फेकून द्यावयाचे. छिद्रे तुंबण्याची कटकट यामुळे एका फटक्यात मिटली, आणि टेबलावरच्या प्रिंटरसाठी ही योजना उत्तम ठरली. पत्राचे एक पान छापून झाल्यावर पात्र बदलण्यात कोणाचे काही बिघडत नाही.

१९९१ साली त्याच कंपनीने 'डिझाइनजेट' हे मोठ्या कागदाचे यंत्र आणले आणि रेखनयंत्रातील पेनांचे दिवस भरले. मात्र मोठ्या कागदावर लहान पात्र पुरत नाही. पात्र मोठे करावे, तर ते वाहून नेणारा गाडा जड होतो. मीटरभर अंतर कापून क्षणात थांबणे व उलट फिरणे हे जड गाड्याला जमत नाही, आणि पात्रातील शाई जसजशी कमी होते तसतसे त्याचे वजनही बदलत राहते. म्हणून मोठ्या यंत्रांच्या रचनाकारांनी शाईची पात्रे गाड्यावरून उतरवून यंत्राच्या बाजूला एका जागी बसवली आणि तेथून लवचीक नळ्यांनी शाई मुद्रणशीर्षापर्यंत, म्हणजे कारागीर ज्याला नुसते 'हेड' म्हणतात तेथपर्यंत, नेली. पात्रे ७०० मिलिलिटरपर्यंत मोठी होऊ शकली. नळी आली तशी एक नवी धास्तीही आली. ती हवेची.

हवेची धास्ती का, हे समजण्यासाठी थेंबाचे मान लक्षात घेतले पाहिजे. अशा यंत्रातील एका थेंबाचे आकारमान चार पिकोलिटर असले, तर त्याचा व्यास सुमारे २० मायक्रोमीटर भरतो. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो. ७०० मिलिलिटरच्या एका पात्रात असे १७,५०० कोटी थेंब मावतात. हे थेंब फेकण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत छिद्रामागील सूक्ष्म तापक क्षणमात्र तापतो, शाईच्या पातळ थराची वाफ होते आणि त्या वाफेचा बुडबुडा पुढील शाईला बाहेर ढकलतो. दुसऱ्या रीतीत विद्युत्दाबाने किंचित आकार बदलणाऱ्या स्फटिकसदृश पदार्थाची भिंत शाईला धक्का देते. पहिल्या रीतीत तापकावर शाई नसेल तर तो आपल्याच उष्णतेने जळून निकामी होतो, कारण त्याला थंड ठेवणारी वस्तू शाई हीच असते. दुसऱ्या रीतीत नळीतून हवेचा बुडबुडा आला, तर तो उशीसारखा दबतो आणि धक्का गिळून टाकतो; थेंब बाहेर पडतच नाही. शिवाय छिद्रांपाशी शाईचा दाब बाहेरील हवेच्या दाबाहून किंचित कमी राखावा लागतो. तो वाढला तर शाई कागदावर ठिबकते, फार घटला तर छिद्रांतून हवा आत ओढली जाते. पात्र काढणे म्हणजे हा तोल सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे एक दार उघडणे होय. म्हणूनच जेथे पात्र व हेड यांच्यामध्ये नळीखेरीज काही नसते, तेथे पात्र रिकामे होताच यंत्र काम थांबवते आणि नवे पात्र बसेपर्यंत हलत नाही.

थांबले, पात्र बदलले आणि पुन्हा सुरू झाले, तर त्यात बिघडले काय, असे सहज विचारले जाते. दोष याच ठिकाणी आहे आणि तो थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. उत्तम प्रतीच्या छपाईत हेड कागदाची एक पट्टी एका फेरीत पूर्ण करीत नाही. समजा, आठ फेऱ्यांत पट्टी पूर्ण व्हावयाची आहे. प्रत्येक फेरीनंतर कागद हेडच्या उंचीच्या केवळ एक अष्टमांश एवढाच पुढे सरकतो. त्यामुळे कोणत्याही क्षणी हेडखाली कागदाचा जो भाग असतो, तो पायऱ्यापायऱ्यांनी भरलेला असतो. पुढील कडेला सात फेऱ्या झालेल्या असतात, मागील कडेला जेमतेम एक. चालत्या कामात एका फेरीचे थेंब दुसऱ्या फेरीच्या ओल्या थेंबांशेजारी पडतात, त्यांच्यात किंचित मिसळतात, आणि या मिसळण्याचे प्रमाण सगळ्या चित्रभर सारखे राहते. यंत्र दहा मिनिटे थांबले की अर्धवट भरलेल्या त्या पट्टीतील थेंब वाळतात. उरलेल्या फेऱ्यांचे थेंब आता वाळलेल्या शाईवर पडतात. ते निराळे पसरतात, निराळे चमकतात. शाई तीच, चित्र तेच, थेंबांची संख्याही तीच. तरी बोटभर रुंदीचा एक पट्टा वेगळा दिसतो. समोरून पाहता तो क्वचित लपतो, पण बाजूने दिवा पडला की उठून दिसतो.

कागदही स्वस्थ बसलेला नसतो. ओल्या शाईने तो फुगलेला असतो आणि वाळताना आकसतो. ज्या यंत्रांत शाई वाळवण्यासाठी तापलेला पत्रा असतो, तेथे थांबलेल्या जागी कागद अधिक तापतो. इंचाला ६०० ठिपके या मानाने दोन ठिपक्यांमधील अंतर ०.०४ मिलिमीटरच्या आसपास येते. कागद एक दशांश मिलिमीटर जरी हलला, तरी दोनहून अधिक ठिपक्यांची चूक झाली, आणि बारीक पांढरी किंवा काळी रेघ उमटली. तिकडे स्वस्थ राहिलेल्या छिद्रांच्या तोंडाशी शाईतील पाणी उडून ती दाट झालेली असते. हेड पुसून, थोडी शाई फेकून ती छिद्रे मोकळी करावी लागतात, आणि त्यात आणखी काही मिनिटे जातात. अशा रीतीने पात्र बदलण्याचे काम अर्ध्या मिनिटाचे असले, तरी त्याची खूण चित्रावर कायमची राहते.

यावरचा उपाय मुद्रकांच्या जुन्या शहाणपणाकडे परत जाण्याचा होता. पात्र आणि हेड यांच्यामध्ये एक लहान टाकी बसवावयाची. कॅननच्या 'इमेजप्रोग्राफ' मालिकेतील मोठ्या यंत्रांत अशी उपटाकी प्रत्येक रंगासाठी असते. वर बसवलेल्या पात्रातून शाई उपटाकीत येते आणि उपटाकीतून नळीने हेडकडे जाते. पात्र रिकामे झाले, की सूचना उमटते. छपाई मात्र उपटाकीतील शाईवर चालूच राहते. चालक झाकण उघडून रिकामे पात्र काढतो, नवे बसवतो. उपटाकीत जमलेली हवा वर निघून जाते आणि शाई खाली उतरते. छिद्रांपाशी असलेल्या नाजूक दाबाला यातले काहीही जाणवत नाही. दुसरी एक रीत प्रत्येक रंगाची दोन पात्रे शेजारी शेजारी बसवण्याची आहे. एक संपले की यंत्र आपोआप दुसऱ्याकडे वळते आणि पहिले सवडीने बदलता येते. मिमाकी या जपानी कंपनीच्या यंत्रांत ही योजना आढळते. तत्त्व एकच. ऑफसेट यंत्रात रुळांच्या माळेवर जो साठा फिरत असे, तोच येथे बंद टाकीत ठेवलेला आहे.

एवढ्याने चालकाचे काम संपले असे मात्र नव्हे. उपटाकी ही मुदत आहे, माफी नव्हे. सूचना येऊनही कोणी लक्ष दिले नाही, तर टाकीही रिती होते आणि मग थांबणे चुकत नाही. रात्रीचे काम लावून चालक घरी गेला असेल, तर उत्तम यंत्रही सकाळी अकराव्या मीटरवर थबकलेलेच सापडते. शिवाय पात्र बदलले म्हणजे आतील शाई सारखीच असेल, हे गृहीत धरता येत नाही. आजची बरीचशी टिकाऊ चित्रे रंगद्रव्याच्या शाईने छापली जातात. तीत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, आणि फडताळात महिनोन् महिने पडून राहिलेल्या पात्रात ते तळाशी बसू लागतात. म्हणून ज्या पात्रावर तशी सूचना असेल ते बसवण्यापूर्वी सावकाश मागेपुढे कलते करून हलवावे लागते. घाईत हे राहून गेले, तर आरंभीची शाई एका छटेची आणि नंतरची दुसऱ्या छटेची निघू शकते. यंत्र या चुकीबद्दल काही बोलत नाही. त्याच्या लेखी पात्र नवे आणि भरलेले असते.

'भरलेले' आणि 'रिकामे' हे शब्दही या व्यवहारात वाटतात तेवढे सरळ नाहीत. पुष्कळ यंत्रे आत किती शाई उरली हे प्रत्यक्ष मोजण्यापेक्षा किती थेंब फेकले याची गणती ठेवतात, आणि तो आकडा पात्रावरील चिपमध्ये नोंदवतात. हवा आत जाऊ नये म्हणून थोडी शाई शिल्लक असतानाच पात्र रिकामे ठरवले जाते. यंत्राच्या हिताच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु ज्याने त्या शाईचे पैसे मोजले आहेत, त्याला फेकल्या जाणाऱ्या पात्रात खळखळणारे थेंब ऐकू येतात आणि त्याचा जीव तुटतो. ही चिप केवळ मोजते की दुसऱ्याची शाई वापरू देण्यासही मज्जाव करते, यावरून ग्राहक आणि उत्पादक यांच्यात जगभर वाद झाले. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की उत्पादकाने एकदा वस्तू विकली म्हणजे तिच्यावरील त्याचा एकस्वाचा हक्क संपतो. तो खटला लेसर प्रिंटरच्या भुकटीच्या पात्रांविषयी होता. तरी पात्रे पुन्हा भरून विकणाऱ्यांना त्यातून मोठा आधार मिळाला. भारतासारख्या देशात, जेथे रिकामी बाटली व डबा सहसा फेकला जात नाही, तेथे पात्र पुन्हा भरण्याचा धंदा वाढला यात नवल नाही.

रस्त्यांवरील फ्लेक्सचे फलक छापणाऱ्या दुकानांत तर पात्र ही कल्पनाच बाजूला पडली आहे. तेथे शाई पाच लिटरच्या कॅनमध्ये येते आणि यंत्राच्या उघड्या टाकीत ओतली जाते. टाकीतून पंपाने ती हेडजवळच्या लहान टाकीत चढते, आणि छपाई चालू असतानाच चालक वरून भर घालतो. निवडणुकीच्या दिवसांत, जेव्हा रात्रंदिवस यंत्र बंद होत नाही, तेव्हा ही रीत फार सोयीची पडते. तिचे धोकेही तितकेच उघड आहेत. पात्राला खाच असते, त्यामुळे एका रंगाचे पात्र दुसऱ्याच्या जागी बसत नाही. कॅनला अशी खाच नसते. पहाटे तीन वाजता पेंगुळलेल्या हाताने सायनच्या टाकीत मॅजेंटा ओतला गेला, तर टाकी, नळी आणि हेड सगळेच धुऊन काढावे लागते. उघड्या टाकीत धूळ पडते. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र झाल्या तर त्या कधी कधी फाटतात आणि गाळणी तुंबते.

म्हणून अनुभवी चालक मोठे काम लावण्यापूर्वी हिशेब करतो. ४४ इंच रुंद आणि १५ मीटर लांब चित्राचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मीटर होते. चौरस मीटरला १० मिलिलिटर शाई धरली, तर सगळ्या रंगांची मिळून १७० मिलिलिटर लागेल. परंतु हा खर्च सर्व रंगांत सारखा वाटला जात नाही. चित्रात आकाश आणि पाणी असेल तर सायन व फिकट सायन यांवरच मोठा भार पडतो. या दोन पात्रांत पुरेशी शाई नसेल, तर ती आधीच काढून भरलेली पात्रे बसवणे आणि अर्धी पात्रे किरकोळ कामांसाठी बाजूला ठेवणे, ही अनेक ठिकाणची रीत आहे. तिलाही मर्यादा आहे. पात्राचे रबरी बूच पोकळ सुईने भेदलेले असते. वारंवार काढघाल केली की ते सैल होते आणि ज्या हवेला भ्यावयाचे तीच आत शिरते.

ज्याच्यापाशी उपटाकीचे यंत्र नाही, असा चालक निराळी युक्ती करतो. तो चित्राचेच भाग पाडतो. खांबाच्या कडेशी, भिंतीच्या कोपऱ्याशी, झाडाच्या बुंध्याशी, म्हणजे जेथे रंग तसाही बदलणारच आहे तेथे, तो सांधा योजतो. एक भाग पूर्ण छापून झाला की यंत्र मोकळे असते आणि पात्र निश्चिंतपणे बदलता येते. नवा भाग आरंभापासून छापला जात असल्यामुळे अर्धवट वाळलेल्या पट्टीचा प्रश्नच राहत नाही. भिंतीवर चित्र लावणाऱ्याला सांधे जुळवण्याचे कष्ट पडतात, परंतु निळ्या आकाशातील पट्ट्यापेक्षा खांबाकडेचा सांधा त्यालाही परवडतो.

एवढे करूनही एक पात्र राहून जाते, आणि तेही नेमके नको त्या वेळी आठवण करून देते. हेड पुसताना व छिद्रे मोकळी करताना फेकलेली शाई यंत्राच्या कडेला एका निराळ्या डब्यात जमा होत असते. तो डबा भरला, म्हणजे यंत्राला शाई टाकावयास जागा उरत नाही आणि ते काम थांबवते. शाईची पात्रे चालू छपाईत बदलता येतात. हा डबा मात्र अनेक यंत्रांत छपाई चालू असताना काढता येत नाही. शाईचा सगळा हिशेब चोख करून बसलेल्या चालकाला लांब कामाच्या आधी त्या डब्यातही एकवार डोकवावेच लागते.